कौन्सिल घरांची बदनामी : हा डाग कोणी लावला?

१/२६
डिसेंबर १९३४. ऑक्सफर्ड शहराच्या उत्तरेला कट्सलो नावाच्या भागात चालू रस्त्यांवर दोन भिंती उभ्या राहिल्या. दोन मीटरहून अधिक उंच, आणि माथ्यावर अणकुचीदार लोखंडी सळ्या. भिंतीच्या एका अंगाला खासगी कंपनीने विक्रीसाठी बांधलेली घरे होती, तर दुसऱ्या अंगाला शहराच्या कौन्सिलने भाड्याने देण्यासाठी बांधलेली. दोन्हीकडे विटांचीच घरे, दोन्हीकडे नोकरीधंदा करणारी कुटुंबे. तरीही या दोघांच्या मुलांनी एका रस्त्यावरून चालू नये, अशी व्यवस्था रोख पैसे खर्चून करण्यात आली.

२/२६
कंपनीचे कारण व्यापारी होते. शेजारी कौन्सिलचे भाडेकरू आहेत हे कळले तर आपल्या घरांची किंमत उतरेल, ही तिची भीती होती. कौन्सिलने तिथे गलिच्छ वस्तीतली माणसे आणून बसवली, असा आरोपही तिने केला. परिणाम भोगला तो भाडेकरूंनी. मुख्य रस्त्यावरची दुकाने आणि बस गाठण्यासाठी त्यांना शेकडो मीटरचा वळसा रोज पडू लागला. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी त्यांचे भांडण झालेले नव्हते. शेजार जमण्याआधीच निकाल लागलेला होता.

३/२६
१९३५ मध्ये भिंत पाडण्यासाठी मोठा जमाव जमला, पण पोलिसांनी तो अडवला. १९३८ मध्ये खुद्द कौन्सिलने भिंती पाडल्या. कंपनी न्यायालयात गेली, जिंकली आणि भिंती पुन्हा बांधल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या वेळी एक रणगाडा चुकून भिंतीतून आरपार गेला, तेव्हा युद्धखात्याने भरपाई देऊन ती दुरुस्त केली. म्हणजे हिटलरशी लढणाऱ्या देशाने ही भिंतही जपली. भिंती कायमच्या पडल्या त्या मार्च १९५९ मध्ये. तब्बल २४ वर्षे त्या उभ्या होत्या.

४/२६
कट्सलोची गोष्ट आरंभी सांगण्याचे कारण आहे. ब्रिटनमध्ये कौन्सिलच्या घरात राहणाऱ्यांविषयी एक समजूत घट्ट रुजलेली आहे: ही माणसे आळशी, बेशिस्त, फुकटी, त्यांना चांगले घर दिले तरी ती त्याची नासाडी करतात, म्हणून या वसाहती बदनाम झाल्या. या समजुतीत माणसांचे वागणे हे कारण आहे आणि बदनामी हा परिणाम. इतिहास मात्र हा क्रम उलटा दाखवतो. बदनामी बहुतेक वेळा आधी आली, आणि ती घडवण्यात कायदे, अनुदाने, भाड्याचे दर आणि विक्रीची धोरणे यांचा हात होता.

५/२६
कौन्सिल घर म्हणजे काय? स्थानिक स्वराज्य संस्थेने सार्वजनिक पैशांतून बांधलेले, तिच्याच मालकीचे आणि नियमित भाड्याने दिलेले घर. लिव्हरपूलने १८६९ मध्ये अशी पहिली इमारत उभारली. १८९० च्या कामगारवर्ग गृहनिर्माण कायद्याने कौन्सिलांना गलिच्छ वस्त्या हटवून घरे बांधण्याचे अधिकार दिले. ही घरे फुकट कधीच नव्हती. भाडे भरावे लागे, थकले तर घर सुटे. ‘फुकट’ हा शब्द इतिहासातून आलेला नाही. तो भिंतीच्या पलीकडून आलेला आहे.

६/२६
गंमत अशी की पहिली घरे अतिगरिबांपर्यंत पोहोचलीच नाहीत. लंडनच्या पूर्व भागातील ओल्ड निकोल ही कुप्रसिद्ध वस्ती पाडून लंडन काउंटी कौन्सिलने ‘बाउंडरी इस्टेट’ बांधली. १९०० मध्ये युवराजांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जुन्या वस्तीतून सुमारे ५,७०० माणसे हलवली गेली. त्यांपैकी नव्या घरांत परतले अवघे ११ जण. भाडे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. नवी घरे कारागीर, कारकून आणि पोलीस अशा नियमित पगारदारांना मिळाली. उरलेले शेजारच्या गल्ल्यांत दाटीने राहू लागले.

७/२६
पहिल्या महायुद्धानंतर चित्र आणखी बदलले. रणांगणावरून परतणाऱ्या सैनिकांना राहण्याजोगी घरे देऊ, हे लॉइड जॉर्ज यांचे आश्वासन होते. १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स अहवालाने एकरी १२ घरे, बाग, मोकळी हवा असा आराखडा दिला. १९१९ च्या ॲडिसन कायद्याने सरकारी अनुदान दिले. पाच लाख घरांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात दोन लाखांहून थोडी अधिक बांधली गेली. पण त्या काळात कौन्सिलचे घर मिळणे ही अभिमानाची गोष्ट होती. कलंक या घरांसोबत जन्माला आलेला नव्हता, याचा हा पुरावा.

८/२६
लंडनच्या पूर्वेस बेकन्ट्री वसाहत १९२१ पासून उभी राहिली. पंचवीस हजारांहून अधिक घरे, त्या काळातली जगातील सर्वांत मोठी सार्वजनिक वसाहत. घर मिळण्याआधी उत्पन्नाची आणि वागणुकीची चौकशी होई. घर मिळाल्यावर हाती नियमांची पुस्तिका येई: पुढची बाग नीटनेटकी ठेवा, खिडक्या आठवड्यातून एकदा पुसा. स्वतःच्या मालकीच्या घराची खिडकी पुसली का, हे विचारायला कोणी सरकारी माणूस जात नसे. भाडेकरू मात्र पहिल्या दिवसापासून संशयित होता.

९/२६
याच वर्षांत, याच साम्राज्यात, मुंबईतही सार्वजनिक घरे बांधली जात होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. त्यातून वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी आल्या. ५०,००० खोल्यांची योजना होती. उभ्या राहिल्या २०७ चाळी. बेकन्ट्रीच्या कुटुंबाला स्वतंत्र घर आणि बाग. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या कुटुंबाला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली आणि सामाईक संडास. माणसाला किती जागा पुरते, याचे साम्राज्याने दोन वेगळे हिशेब ठेवले होते. खोलीचा आकार सरकारने ठरवला. दाटीवाटीबद्दल नावे मात्र राहणाऱ्यांना ठेवली गेली.

१०/२६
ब्रिटनमध्ये कलंकाचे पहिले ठळक वळण आले १९३० च्या ग्रीनवुड कायद्याने. आता अनुदान गलिच्छ वस्त्या हटवून तिथल्या लोकांना घर देण्यासाठी मिळू लागले. हेतू उत्तम होता. पण अंमलबजावणीची रीत पाहावी. अनेक शहरांत या कुटुंबांचे सामान नव्या घरी नेण्याआधी बंद गाडीत घालून विषारी वायूने धुरावले जाई, ढेकूण मरावेत म्हणून. ती गाडी भर रस्त्यात दारासमोर उभी राही. ढेकूण मरत असतील. पण नव्या वसाहतीत पाऊल टाकण्याआधीच साऱ्या गल्लीसमोर त्या कुटुंबाच्या कपाळी शिक्का बसे.

११/२६
याच काळात एक आख्यायिका देशभर पसरली: ‘यांना न्हाणीघर दिले तर हे टबात कोळसा भरून ठेवतात.’ प्रत्येकाने ती कुणाकडून तरी ऐकलेली असे. स्वतः पाहिलेला माणूस विरळा. टबात कोळसा ठेवणारे एखादे घर कुठे असेलही. पण एका घराच्या टबावरून लाखो कुटुंबांचा निवाडा होत नाही. नावडतीचे मीठ अळणी, तसा हा प्रकार. श्रीमंताच्या घरातील पसारा हा त्याचा विक्षिप्तपणा ठरतो, आणि भाडेकरूच्या घरातील पसारा त्याच्या वर्गाचा स्वभाव.

१२/२६
याच दशकातला एक खरा अभ्यास मात्र फारसा कुणाला आठवत नाही. स्टॉकटन-ऑन-टीजचे आरोग्याधिकारी डॉ. मॅकगोनिगल यांनी जुन्या वस्तीतून माउंट प्लेझंट या नव्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांची तपासणी केली. स्वच्छ, हवेशीर घरांत गेल्यावर त्यांचा मृत्युदर चक्क वाढला होता. जुन्या वस्तीत मागे राहिलेल्यांचा तसा वाढला नव्हता. कारण घरात नव्हते, वागण्यातही नव्हते. नव्या घराचे भाडे जास्त होते, आणि ते भरण्यासाठी कुटुंबे अन्नावरचा खर्च कमी करत होती. १९३६ च्या त्यांच्या ग्रंथात हे सविस्तर मांडलेले आहे.

१३/२६
म्हणजे ज्यांना ‘फुकटे’ म्हटले जात होते, ते भाडे चुकू नये म्हणून पोटाला चिमटा घेत होते. काहींनी त्यासाठी आयुष्य मोजले. एवढा भक्कम पुरावा उपलब्ध असताना टबातल्या कोळशाची कथा टिकली, आणि हा अभ्यास ग्रंथालयाच्या फडताळात राहिला. कोणती गोष्ट लोकांच्या तोंडी राहते आणि कोणती विसरली जाते, याच्यामागेही सत्ता असते. इतिहासाच्या अभ्यासकाने हे सतत ध्यानात ठेवायला हवे.

१४/२६
दुसऱ्या महायुद्धानंतर कलंक पुसण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला. मजूर पक्षाचे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्याकडे आरोग्यासोबत गृहनिर्माणही होते. १९४९ च्या कायद्यातून त्यांनी ‘कामगारवर्ग’ हे शब्दच काढून टाकले. कौन्सिलची घरे सर्वांसाठी असावीत, डॉक्टर, वाणी, खाटीक आणि शेतमजूर एकाच गल्लीत राहावेत, अशी त्यांची कल्पना होती. घरांचे क्षेत्रफळही त्यांनी वाढवले. टीका झाली तरी मोजणीसाठी दर्जा उतरवण्यास ते तयार नव्हते. १९४५ ते १९५१ या काळात सुमारे दहा लाख घरे झाली, त्यांतील बहुतांश कौन्सिलची.

१५/२६
पण ‘सर्वांसाठी’ या शब्दालाही कुंपण होते. बर्मिंगहॅममध्ये प्रतीक्षायादीवर येण्यासाठी शहरात पाच वर्षांचे वास्तव्य लागे. भारत, पाकिस्तान आणि कॅरिबियन बेटांतून आलेले कामगार त्यामुळे आपोआप बाहेर राहत. रेक्स आणि मूर यांनी १९६७ मध्ये स्पार्कब्रुक भागाच्या अभ्यासात हे दाखवून दिले. लंडनच्या हॅकनीत वाटपामध्ये कृष्णवर्णीयांना निकृष्ट घरे दिली गेली, असा निष्कर्ष वांशिक समानता आयोगाने १९८४ मध्ये काढला. आधी दार बंद ठेवायचे, मग सर्वांत मोडके घर द्यायचे, आणि शेवटी ‘हे लोक असल्याच घरांत राहतात’ असे म्हणायचे. कलंकाची ही पद्धत साऱ्या जगाला परिचित आहे.

१६/२६
उंच टॉवर हा भाडेकरूंचा हट्ट होता का? नव्हता. १९५६ च्या अनुदान कायद्याने इमारत जितकी उंच तितके अनुदान अधिक, असा हिशेब लावला. कौन्सिलांनी उंची वाढवली, ठेकेदारांनी कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून झटपट मनोरे उभारले. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा संपूर्ण कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा ढासळला. चार माणसे मेली. इमारत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

१७/२६
आराखडा मंत्रालयाचा, नफा ठेकेदाराचा, मृत्यू भाडेकरूचा. तरी पुढील दशकांत ‘टॉवर’ हा शब्द उच्चारताच लोकांच्या डोळ्यांसमोर येऊ लागला तो तिथला रहिवासी. लिफ्ट बंद, छत गळके, भिंतींना ओल. या साऱ्या देखभालीच्या त्रुटी होत्या. पण देखभालीचा अभाव दिसायला बेशिस्तीसारखाच दिसतो. लांबून पाहणारा फरक करत नाही, आणि बहुतेक लोक लांबूनच पाहत होते.

१८/२६
निर्णायक घाव बसला १९८० मध्ये. थॅचर सरकारच्या कायद्याने भाडेकरूला आपले घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. सवलत ३३ ते ५० टक्के, पुढे सदनिकांसाठी ७० टक्क्यांपर्यंत. अनेक कुटुंबांना त्यातून मालकीचे घर मिळाले. त्यांच्या आनंदाची टवाळी करण्याचे कारण नाही. प्रश्न विकलेल्या घरांच्या जागी नवी घरे का आली नाहीत, हा आहे. विक्रीचे पैसे नव्या बांधकामाला वापरण्यावर कौन्सिलांना कडक मर्यादा होत्या. शतकाच्या अखेरीस कौन्सिलची नवी घरे वर्षाला जेमतेम काही शेकड्यांवर आली.

१९/२६
आधी विकली गेली ती बाग असलेली चांगली घरे, आणि ती घेतली बऱ्या पगाराच्या कुटुंबांनी. मागे उरल्या उंच इमारतींतल्या सदनिका, आणि कर्ज न परवडणारी माणसे: वृद्ध, अपंग, बेकार, एकट्या माता. १९७७ च्या कायद्याने बेघरांना प्राधान्य मिळाले होते. ते न्याय्यच होते, पण घरेच घटल्यावर उरलेली जवळजवळ त्यांच्याच वाट्याला आली. १९७९ च्या सुमारास ब्रिटनमधील जवळपास एक तृतीयांश कुटुंबे कौन्सिलच्या घरांत राहत होती, म्हणजे तो समाजाचाच आडवा छेद होता. तो छेद धोरणाने गाळून फक्त तळ शिल्लक ठेवला. मग तळाकडे बोट दाखवून म्हटले गेले: पाहा, इथे कसली माणसे राहतात!

२०/२६
आता ‘करदात्याच्या पैशावर जगणारे’ या आरोपाकडे वळू. स्वतःचे घर घेणाऱ्यांना गृहकर्जाच्या व्याजावर कित्येक दशके करसवलत होती. ती २००० मध्ये संपली. अब्जावधी पौंडांचा महसूल तिथे सोडला गेला. घर विकत घेणाऱ्या भाडेकरूला मिळालेली सवलतही सार्वजनिक मालमत्तेतूनच गेली. मदत दोघांनाही मिळत होती. एकाच्या मदतीला ‘प्रोत्साहन’ म्हणत आणि दुसऱ्याच्या मदतीला ‘खैरात’. हिशेबाच्या वहीत दोन्ही नोंदी एकाच बाजूला पडतात.

२१/२६
इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. काही वसाहतींत गुन्हे, अमली पदार्थ, तोडफोड हे सारे खरे होते, आणि त्याचा सर्वाधिक त्रास तिथल्याच रहिवाशांना झाला. हे नाकारणे म्हणजे त्यांचा अनुभव नाकारणे. पण कारखाने बंद झालेल्या गावांत, देखभालीचा निधी आटलेला असताना, सर्वांत अडचणीतली कुटुंबे एकाच ठिकाणी गोळा केली तर काय होईल, हे ओळखायला फार प्रतिभा लागत नाही. त्या वसाहतींतली बहुसंख्य माणसे रोज कामावर जात होती, मुले शाळेत पाठवत होती. त्यांची बातमी होत नसे.

२२/२६
बातमी कशी घडवली जाते, याचे उदाहरण लंडनच्या एल्सबरी इस्टेटचे. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी पंतप्रधान म्हणून पहिले महत्त्वाचे भाषण तिथेच केले. त्यानंतर ती वसाहत दुर्दशेचे प्रतीकच बनली. २००४ पासून चॅनल फोर वाहिनीच्या एका बोधचित्रफितीत ती दिसू लागली. वाळत घातलेले कपडे, कचऱ्याच्या पिशव्या, सोडून दिलेली ढकलगाडी. त्यातल्या बऱ्याच वस्तू दृश्यात मुद्दाम घातलेल्या होत्या. रहिवाशांनी वर्षानुवर्षे आक्षेप घेतला, आणि २०१४ मध्ये ती बदलून नवी चित्रफीत आली. गलिच्छपणा कमी पडला म्हणून तो बाहेरून आणावा लागला, यावर वेगळे भाष्य नको.

२३/२६
आणि इमारती खरोखरच इतक्या वाईट होत्या का? शेफील्डची पार्क हिल वसाहत आणि लंडनचा ट्रेलिक टॉवर एकेकाळी भीतीने उल्लेखले जात. १९९८ मध्ये दोन्ही वारसा म्हणून संरक्षित झाल्या. आज पार्क हिलच्या मोठ्या भागात नूतनीकरण करून खुल्या बाजारात विकलेल्या सदनिका आहेत. ट्रेलिकमधील विकल्या गेलेल्या सदनिकांना मोठी किंमत येते. काँक्रीट तेच आहे. व्हिएन्नात निम्म्याच्या आसपास लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. सिंगापुरात बहुसंख्य लोक सरकारने बांधलेल्या इमारतींत राहतात. तिथे पत्ता सांगताना कुणाचा आवाज खाली जात नाही. सर्वांसाठी असलेल्या गोष्टीला कलंक चिकटत नाही.

२४/२६
हा वाद केवळ शब्दांचा नाही. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली. ७२ माणसे मेली. वर्षभरापूर्वी संपलेल्या नूतनीकरणात इमारतीला बाहेरून ज्वालाग्राही आवरण बसवलेले होते. घरे उबदार करणे हा एक हेतू होता; आसपासच्या परिसरातून इमारत बरी दिसावी, हा विचारही नियोजनाच्या कागदपत्रांत होता. ज्या शेजारात ही इमारत होती तो ब्रिटनमधील सर्वांत श्रीमंत भागांपैकी एक. आग वेगाने पसरण्याचे मुख्य कारण ते आवरणच होते, असे चौकशीने ठरवले.

२५/२६
रहिवाशांच्या एका गटाने सुरक्षेविषयी आधीच वारंवार इशारे दिले होते. व्यवस्थापनाच्या लेखी तक्रार करणारे म्हणजे कटकटे, भांडकुदळ. सप्टेंबर २०२४ च्या अंतिम अहवालाने व्यवस्थापनाचा हा दृष्टिकोन नोंदवला: आपल्यावर विसंबून असलेली ही माणसे आहेत, याचेच त्यांना विस्मरण झाले होते. कलंकाचे खरे काम इथे दिसते. तो केवळ माणसाचा अपमान करत नाही. तो माणसाच्या बोलण्याची किंमत शून्यावर आणतो. मग तो ‘आग लागेल’ म्हणाला, तरी ऐकणाऱ्याला फक्त तक्रारच ऐकू येते.

२६/२६
२०१९ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागातील एका वसाहतीत सामाजिक भाडेकरूंच्या मुलांना शेजारच्या क्रीडांगणात जाता येत नव्हते. मध्ये कुंपण होते. वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर ते उघडले. मुंबईतही एकाच भूखंडावर पुनर्वसनाची इमारत वेगळी, विक्रीची वेगळी आणि फाटकेही वेगळी, हे दृश्य नवे नाही. कट्सलोच्या भिंती पाडण्यासाठी ऑक्सफर्डच्या कौन्सिलने अखेर त्यांच्याखालची नऊ इंच रुंदीची पट्टी हजार पौंड देऊन विकत घेतली. नऊ इंचांसाठी पाव शतक गेले. पुढच्या वेळी कुणी ‘तसल्या वस्तीतली माणसे’ असे म्हटले, तर त्याला माणसांविषयी विचारू नये. ती भिंत कोणी बांधली, कोणत्या साली, आणि कुणाच्या पैशाने, एवढेच विचारावे.